नॅस्कारच्या बिनगुणांच्या शर्यती: क्लॅश आणि ऑल-स्टारमध्ये काही राम आहे का?

पिटवॉल
नॅस्कार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक-कार शर्यती. तिच्या ‘कप’ या सर्वोच्च मालिकेत सीझनला गुणांच्या शर्यती ३६. त्याबाहेर दोन बिनगुणांच्या: सीझनआधीची क्लॅश आणि निवडक ड्रायव्हर्सची ऑल-स्टार. जिंकलं तरी गुण शून्य. ऑल-स्टारच्या विजेत्याला १० लाख डॉलर मिळतात, ठीक आहे, पण बघणाऱ्याच्या पदरात काय? २०२४ ला नॉर्थ विल्क्सबरोच्या ऑल-स्टारमध्ये २०० पैकी १९९ लॅप (फेऱ्या) जोई लोगानोच पुढे होता. अशा शर्यतीतून पुढच्या सीझनला उपयोगी काही निघतं की नुसता टीव्हीचा तमाशा? ठोस उदाहरणं हवीत. ‘मजा येते’ हे उत्तर चालणार नाही.

डावे_वळण
तीच शर्यत घ्या. रटाळ झाली खरी, पण का झाली ते बघण्यासारखं आहे. गुडइयरने दोन प्रकारचे टायर आणले होते: पिवळ्या अक्षरांचा कडक ‘प्राइम’ आणि लाल अक्षरांचा मऊ ‘ऑप्शन’. मऊ टायर सुरुवातीला वेगवान, मग त्याची पकड गळते, कडक टायरवाला मागून येऊन गाठतो, असा हिशोब. पण ट्रॅकवर नुकतंच नवं डांबर घातलं होतं. नव्या डांबरात खडी वर आलेली नसते, त्यामुळे टायर घासलाच जात नाही. मऊ टायर टिकला, आणि पुढच्या गाडीला स्वच्छ (न ढवळलेली) हवा मिळाल्यावर तिला गाठणार कोण?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही कल्पना रिचमंडला गुणांच्या शर्यतीत आणली. तिथलं डांबर जुनं, खरबरीत. मऊ टायर घेऊन ड्रायव्हर सुआरेझ सरळ आघाडीवर गेला आणि मग टायरची पकड उतरायलाही लागली. म्हणजे दोन टायरांचा खेळ झिजलेल्या ट्रॅकवरच रंगतो. नव्या डांबरावर तो फसतो हे कळायला कुणाचे गुण गेले नाहीत.

दुसरं उदाहरण चूज रूलचं (लेन निवडण्याचा नियम). पूर्वी रीस्टार्टला (पिवळ्या झेंड्याखाली हळू चालल्यावर दोन रांगांत पुन्हा वेगाने सुरुवात होते तेव्हा) लेन फक्त पहिला ड्रायव्हर निवडायचा, बाकीचे क्रमाने आत-बाहेर. बाहेरची लेन जोरात असेल तर तिसरा नंबर म्हणजे शिक्षाच, म्हणून लोक पिटमधून (टायर-इंधनाच्या थांब्यातून) बाहेर पडताना मुद्दाम ब्रेक लावून चौथे व्हायचे. २०२० ला ब्रिस्टलच्या ऑल-स्टारमध्ये ट्रॅकवर खूण रंगवली. तिथे पोचेपर्यंत प्रत्येकाने आपली लेन ठरवायची. खुणेवर चाक गेलं किंवा नंतर लेन बदलली की रांगेच्या शेवटी. पुढच्याच महिन्यात मिशिगनपासून हा नियम गुणांच्या शर्यतींना लागू झाला.

ओव्हलवरचे (लंबगोल ट्रॅकवरचे) पावसाळी टायरही असेच आले. कपमध्ये ते आधी २०२३ च्या ऑल-स्टारच्या हीटमध्ये (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीत) धावले आणि मार्च २०२४ ला रिचमंडच्या गुणांच्या शर्यतीची सुरुवात त्यांच्यावर झाली.

तेलकट
डावे_वळण फक्त पास झालेले प्रयोग सांगतायत. २०१८ ची शार्लटची ऑल-स्टार विसरलात? इंजिनाची हवा अडवणारी रिस्ट्रिक्टर प्लेट लावून पॉवर कमी केली, मागे उंच स्पॉयलर (हवा अडवणारी पट्टी). गाड्या चिकटून धावल्या, सगळे खूश. त्याच धर्तीवर २०१९ ला मोठ्या ट्रॅकसाठी ५५० हॉर्सपॉवरचं पॅकेज आलं आणि चाहत्यांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. कारण उघड आहे. ती ऑल-स्टार ८० लॅपची होती, तीही ३०-२०-२०-१० अशी तोडलेली. दर थोड्या लॅपनी रीस्टार्ट, गाड्या विसाच्या आसपास. ४०० मैलांच्या शर्यतीत लांब ग्रीन रन (यलोशिवाय पूर्ण वेगाने सलग धावणं) असतात, गाड्या पांगतात आणि पुढच्या गाडीची घाण (ढवळलेली) हवा मागच्याला जवळ येऊच देत नाही. टायर आणि रीस्टार्टचा प्रयोग छोट्या शर्यतीत जमतो, एअरोचा (हवेच्या प्रवाहाचा) जमेलच असं नाही.

शार्लटकर
नियमांच्या कसरतीही मोजा की राव. २०२२ ला टेक्सासच्या ऑल-स्टारमध्ये ड्रायव्हर ब्लेनी चेकर्ड फ्लॅगच्या (शर्यत संपल्याच्या झेंड्याच्या) तोंडाशी असताना यलो (सावधानतेचा पिवळा झेंडा) आला. आपण जिंकलो समजून त्याने खिडकीची सुरक्षा-जाळी सोडली. गुणांची शर्यत असती तर शेवटच्या लॅपचा पांढरा झेंडा पडून गेला होता, म्हणजे खेळ खल्लास. पण ऑल-स्टार ग्रीनखालीच संपवायची होती, म्हणून ओव्हरटाइम (जादा लॅप), आणि पठ्ठ्या चालत्या गाडीत जाळी अडकवत बसला. जिंकला तोच, पण सुरक्षेच्या नावाने बोंब. २०२५ च्या ऑल-स्टारचा ‘प्रमोटर्स कॉशन’ (आयोजकाने आपल्या मर्जीने पाडलेला यलो) तर निव्वळ लोकांना जागं ठेवायला होता. लोगानो पुढे असताना तो पडला, जिंकला क्रिस्टोफर बेल. असली गोष्ट गुणांच्या शर्यतीत कधीच येऊ नये.

आणि ‘बिनगुणांची’ म्हणजे फुकट नव्हे. नेक्स्ट जेनमध्ये (२०२२ पासूनची कप गाडी) एका नंबरमागे सातच गाड्या ठेवता येतात, त्यामुळे इथे मोडलेल्या चॅसीची (सांगाड्याची) झळ सीझनला बसते. हाणामारी केलीत तर दंड खराखुरा: २०२४ च्या ऑल-स्टारनंतर ड्रायव्हर स्टेनहाउसला ७५,००० डॉलर बसले.

पिटवॉल
पटतंय. मग क्लॅश बघताना नजर कुठे ठेवायची?

डावे_वळण
गाडी नवी असेल तर काय मोडतं तिकडे. २०२२ ची लॉस एंजेलिस कोलिझियमची क्लॅश ही नेक्स्ट जेनची पहिली शर्यत. ड्रायव्हर रेडिक आघाडीवर असताना त्याची ड्राइव्हलाइन (इंजिनाची ताकद चाकांना पोचवणारा भाग) गेली. दोन आठवड्यांनी डेटोना ५०० ही सीझनची पहिली गुणांची शर्यत होती, तिथे हेच महागात पडलं असतं.

पाव मैलाच्या ट्रॅकवर (बोमन ग्रे हा ट्रॅकही तेवढाच) मागच्या टो लिंककडे (चाकाची दिशा धरून ठेवणारा दांडा) बघा. बाजूने ठोकर बसली की ती वाकते, मग सरळ स्टिअरिंगवरही गाडी तिरकी चालते. नाक दबून रेडिएटरची जाळी बंद झाली तर पाण्याचं तापमान चढतं, कारण वेग कमी असल्याने वारा मुळातच कमी मिळतो. आणि यलोचे लॅप मोजले जाणार की नाही ते आधी वाचून घ्या. २०२२ ला मोजले नव्हते. तसं असलं की ‘१५० लॅप’वर विसंबून ब्रेक आणि इंधनाचा अंदाज बांधला तर तो चुकतो.

तेलकट
हीट चुकवू नका. २०२२ ला ३६ पैकी २३ च मुख्य शर्यतीत गेले: चार हीटमधून चार-चार, दोन लास्ट चान्स (शेवटच्या संधीच्या) शर्यतींमधून तीन-तीन आणि एक आदल्या सीझनच्या गुणांवर. २५ लॅपच्या हीटमध्ये पाचव्याला चौथ्याला ढकलण्यावाचून गत्यंतर नसतं. मुख्य शर्यतीपेक्षा पत्रा तिथे जास्त वाकतो.