मे महिन्यात व्हेपोरायझरवर बर्फ

४५ अंशांच्या नागपुरी उन्हात ऑक्सिजन टाकीच्या व्हेपोरायझरवर बर्फ कसा, असं एकाने विचारलंय. व्हेपोरायझर म्हणजे बाहेरच्या हवेच्या उष्णतेने द्रव ऑक्सिजनचा वायू करणाऱ्या नळ्या; त्यांना धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे पंख, असतात. आत उणे १८३ अंशांचं द्रव असतं. हवेतली वाफ पंखांवर गोठणारच. उलट मे महिन्यात हवा कोरडी, खरा त्रास जुलै-ऑगस्टात. पांढरा थर चालतो. दोन पंखांमधली फट बुजली की मात्र हवा खेळत नाही, गार वायू पुढे जातो आणि दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरचं रबरी सील कडक होऊन गळू लागतं. म्हणून व्हेपोरायझरचे दोन संच आलटून-पालटून चालवा. घाई असेल तर नळाचं साधं पाणी सोडा. सळईने ठोकू नका, ॲल्युमिनियमचे पंख वाकतात. आणि हो, टाकी-व्हेपोरायझरखाली डांबर नको, काँक्रीटच. द्रव ऑक्सिजनने भिजलेल्या डांबराचा नुसत्या ठोक्यानेही स्फोट होऊ शकतो.