गेंड्याचं शिंग कायद्यानं विकू दिलं तं गेंडा वाचन का?

कास्तकार_वरोरा
नमस्कार मंडळी. पोरगी चंद्रपूरले कॉलेजात आहे, तिले वादविवादाले विषय भेटला की आफ्रिकेतल्या जनावरांचा कायदेशीर व्यापार सुरू केला तं ते वाचतीन, अन् तिले बाजूनं बोलाचं आहे. मले विचारलं तं म्हटलं बाई, मी वावरातले रोही (नीलगाई) हाकलनारा मानूस, मले गेंड्यातलं का समजते. पन रात्री जागलीले मचानावर बसलो तं डोक्यात तेच घुमून राह्यलं. इकडं रोह्यानं चना खाल्ला का पंचनामा, फोटो, फॉर्म, अन् पैसे येतीन तवा येतीन, म्हंजे जनावर सरकारचं अन् नुकसान आपलं. तिकडं म्हनते शिंग कापलं तं परत वाढते, गेंडा मरत नाई. मंग कापून विकाले हरकत का आहे? दुभत्या म्हशीले कोनी मारते का? कोनाले खरंच माहीत असन तं सांगा, व्हाट्सअपचं नको.

मोहर्ली_गाईड
शिंगाचं बरोबर आहे भौ. ते केराटिन असते, आपल्या नखासारखं, बेशुद्ध करून मुळाच्या वरून कापतात, दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापता येते. दक्षिण आफ्रिकेत जॉन ह्यूम नावाच्या माणसानं हेच केलं, २००० च्या आसपास गेंडे पाळले अन् शिंगं साठवली. २००९ ला तिथं देशातली विक्री बंद झाली, कोर्टकचेऱ्या होऊन २०१७ ला पुन्हा उघडली, पण गिऱ्हाईक सगळं व्हिएतनाम-चीनकडचं अन् देशाबाहेर विकणं तं १९७७ पासून बंद. मग राखणीचा खर्च कुठून काढणार? २०२३ ला त्यानं गेंड्यांसकट सगळं लिलावात काढलं तं एक बोली आली नाही, शेवटी आफ्रिकन पार्क्स या संस्थेनं ते गेंडे घेतले. पोरीले हे पण लिहून द्या, दक्षिण आफ्रिकेत २००७ ला चोरट्यांनी १३ गेंडे मारले होते, २०१४ ला १२१५. बाहेरच्या व्यापारावर बंदी दोन्ही वेळेस होतीच.

सागवाला_आलापल्ली
थांबा, विरोधी बाजू मी मांडतो, बापाची अर्धी हयात सागाच्या धंद्यात गेली आहे. मालकीच्या शेतातला साग तोडायला परवानगी मिळते, सातबारा लावा, झाडं मोजून घ्या, लठ्ठ्यावर हॅमर म्हणजे वनखात्याचा शिक्का मारून घ्या, टीपी म्हणजे वाहतुकीचा परवाना काढा, सगळं कायद्यात. आता इमानदारीनं सांगा, एका टीपीवर ट्रकच्या दोन खेपा होत नव्हत्या का? अन् दुसऱ्या खेपेतला साग कोणाच्या शेतातला होता? एकदा हॅमर बसला की जंगलातला लठ्ठा अन् शेतातला लठ्ठा सारखाच, अन् चोरीचा माल कधीपण स्वस्त कारण चोराला झाड वाढवायचा खर्च नाही. शिंगाची तं पावडर करून विकतात, पावडरीवर हॅमर कुठं मारता?

हस्तिदंताचं एकदा करून पाहिलंच आहे की. १९८९ ला सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात बंदी ठरली, नंतर २००८ ला बोट्सवाना, नामिबिया, झिम्बाब्वे अन् दक्षिण आफ्रिकेला साठवलेला माल एकदाच विकायची सूट दिली, १०० टनांच्या वर दात चीन-जपानला गेले. म्हणे बाजारात माल आला की भाव पडेल अन् शिकार थांबेल. कशाची थांबते, पुढच्या तीन-चार वर्षांत वाढली. काही जण म्हणतात दोष विक्रीचा नाही, चिनी लोकांच्या हातात पैसा आला म्हणून मागणी वाढली, ते भांडण अजून चालूच आहे. पण चीननंच २०१७ संपता संपता आपला देशातला बाजार बंद केला, ते काय उगाच?

धानोऱ्याची_ताई
सागवाले भाऊ, टीपीचं खरं आहे, पण ती टीपी कोणाच्या हातात होती ते पण सांगा ना. आमच्या तालुक्यात मेंढा-लेखा गावाला २००९ ला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू न्यायची टीपी काही मिळेना, २०११ ला टीपीचं बुक ग्रामसभेच्या हातात आलं तेव्हा गाव बांबू विकू लागलं. आता कोवळा बांबू तोडताना कोणी दिसला तर गावच त्याला विचारते.

नामिबियात १९९६ च्या कायद्यानं गावांना असाच जनावरांवरचा हक्क दिला, टुरिस्टचा अन् शिकारीच्या परवान्याचा पैसा गावांच्या कन्झर्व्हन्सीकडे, म्हणजे जनावरं राखणाऱ्या गावच्याच संस्थेकडे येतो, त्यातून गावातलेच राखणदार ठेवतात. आता पैसे मोजून सिंह मारायचा अन् मुंडकं दिवाणखान्यात लावायचं, असल्या माणसाची मला शिसारी येते, तो विषयच वेगळा. पण हत्ती ज्या बाईच्या शेतात घुसतो ना, तिच्याकडे युरोपातलं कोणी विचारपूस करायला जात नाही. २०२४ ला जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफी आणण्यावर कडक नियम करायचं चाललं होतं, तेव्हा बोट्सवानाचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष मासिसी चिडून म्हणाले, २०,००० हत्ती तुमच्याकडे पाठवतो, राहून दाखवा त्यांच्यासोबत. त्यांच्याकडे १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती आहेत, माणसं २५ लाख पण नसतील.

वणीचा_पोट्टा
इकडं नका पाठवू म्हना बाप्पा 😂 गडचिरोलीत छत्तीसगडातून आले तेच धानात पुरून राह्यले.

कास्तकार_वरोरा
ताई, तुमचं सगळं उतरून घेतलं, पोरीले तेच पाठोतो. म्हंजे विकाचं का नाई विकाचं हे मागून, पयले पैसा कोनाच्या घरी जाते ते पाहाचं, असंच ना? आमच्या रोह्याचंबी तेच तं आहे. पन ते पावडरीचं समोरच्यानं काढलं तं पोरगी का सांगन?

मोहर्ली_गाईड
डीएनए म्हणावं. प्रिटोरिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय लॅबमधी गेंड्यांच्या डीएनएची नोंद ठेवतात, रोडिस म्हणतात तिले. शिंग कापलं का नमुना तिकडं, अन् चोर माल घेऊन सापडला का जुळवून पाहतात. कोर्टात पुरावा म्हणून चालते ते.

सागवाला_आलापल्ली
चोर सापडला तं. हनोईच्या गल्लीत पुडी बांधून देणारा दुकानदार अन् ती घेणारा, दोघातलं कोण प्रिटोरियाला नमुना पाठवते?