फोटो दुप्पट म्हणजे प्राणी दुप्पट? अहवालासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एका संवर्धन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून काम करते. यंदा कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत) कोल्ह्यांचे फोटो दुप्पट आले, आणि आता वार्षिक अहवालात 'कोल्हे दुप्पट झाले' असं छापायचा आग्रह चाललाय. निधीची गरज मलाही कळते. पण वाघाच्या पट्ट्यांसारखी कोल्ह्याला ओळखीची खूण नसते. एकच कोल्हा एका रात्रीत चारदा कॅमेऱ्यासमोरून जाऊ शकतो. शिवाय यंदा कॅमेरे पायवाटेवर होते, गेल्या वर्षी झुडपांत! ऑक्युपन्सी मॉडेलने, म्हणजे प्राणी किती ठिकाणी वावरतो याचा अंदाज देणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, प्राणी कॅमेऱ्यात दिसण्याची शक्यता हिशेबात घेता येते, पण हे देणगीदारांना चार ओळींत कसं सांगायचं? चुकीचा आकडा माझ्या नावाने जाऊ नये असं मनापासून वाटतं. कुणी असा परिच्छेद लिहिला असेल तर कृपया दाखवाल का? सोमवारी मसुदा द्यायचा आहे.