नीटसाठी अकरावी: कोल्हापूर की बेळगाव?

प्रश्न: आम्ही कागलचे. पोरगी दहावी झाली, डॉक्टर व्हायचंय म्हणते. मेहुणे म्हणतात बेळगावला घाला. माझ्या डोक्यात कोल्हापूरचं राजाराम नाहीतर विवेकानंद कॉलेज आहे, एसटीनं ये-जा होईल. काय करू?

उत्तर १: बेळगाव आधी डोक्यातनं काढा, दादा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागांना दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं लागतात, वर डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला. बेळगाव पडलं कर्नाटकात. नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्याचं मेडिकल कॉलेज लांबूनच बघायला लागंल.

उत्तर २: माझ्या पोराला आम्ही ‘इंटिग्रेटेड’ला, म्हणजे कॉलेज आणि नीटचा क्लास एकत्र असतो तिथं, घातलेलं. फी ऐकून ह्यांनी दोन दिवस जेवण नीट केलं नाही. आणि लॅबला कायम कुलूप! मायक्रोस्कोप पोराच्या हातात आला तो थेट बारावीच्या प्रॅक्टिकलला. कॉलेज बघायला जाल तेव्हा आधी लॅब उघडून दाखवा म्हणा. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, त्यामुळं एनसीईआरटीची पुस्तकं आत्ताच घ्या. बोर्डाचं पुस्तक एकटं पुरत नाही. पोराची फिजिक्सनं वाट लावली, ते वेगळंच.

प्रश्नकर्ता: उपकार झाले, ताई. सोमवारी लॅब बघूनच येतो. मेहुण्यांना मात्र तुम्हीच सांगा.