रेडिओवर कुणीच नव्हतं, आणि डोक्यावर विमान

आकाशवेडा:
मी मूळचा साताऱ्याचा, ॲरिझोनात विमान शिकतोय. आमच्या विमानतळाला टॉवर, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष, नाही; सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगतात. मंगळवारी एकटाच सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन होतो. डाउनविंड, बेस, फायनल (धावपट्टीला वळसा घेऊन उतरण्याचे टप्पे; फायनल म्हणजे शेवटची सरळ रेष), तिन्ही वेळा बोललो. रेडिओवर चिटपाखरू नाही. फायनलवर साधारण ४०० फुटांवर काचेवर सावली पडली. मान वर केली तर दुसऱ्या छोट्या विमानाचं, पाइपरचं, पोट! तोही उतरतच होता. गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं, आणि वर तर तोच. उजवीकडे वळून बाजूला झालो, मग पॉवर दिली. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "होतं असं, विसर." मला झोप नाही. माझं चुकलं का? कुठे कळवावं का?

जुना_कॅप्टन:
अरे, आधी वळलास आणि मग चढलास, त्यानेच वाचलास. सेसनाचा पंख वर, म्हणून तुला वरचं दिसत नाही. पाइपरचा पंख खाली, त्याला खालचं दिसत नाही. तुम्ही दोघं नेमके एकमेकांच्या आंधळ्या बाजूला होतात. नियमाने खालच्याचा हक्क पहिला, पण हक्क दिसत नाही ना! फायनलला वळण्याआधी बाहेरच्या बाजूला पूर्ण नजर टाकत जा, कुणी लांबून सरळ येत असेल तर तिथेच सापडेल.

शिकागोकर:
विसरू नकोस, कळव. नासाच्या एएसआरएसकडे, म्हणजे विमान-सुरक्षेचे अहवाल गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे, अहवाल भर. नाव काढून टाकतात, आणि १० दिवसांत भरलास तर नकळत झालेल्या चुकीवर सहसा दंड होत नाही.
आमच्या इलिनॉयमधल्या क्विन्सीलाही टॉवर नव्हता. १९ नोव्हेंबर १९९६. किंग एअर हे छोटं विमान दुसऱ्या धावपट्टीवरून उडायच्या तयारीत होतं. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारलं, किंग एअर, थांबताय ना? उत्तर दिलं त्याच्या मागे उभ्या चेरोकी या आणखी एका छोट्या विमानाने. ते किंग एअरचंच समजून हे उतरले, आणि धावपट्ट्या छेदतात तिथे दोन्ही आदळली. १४ माणसं गेली. आगीत प्रवासी विमानाचं दारच उघडलं नाही. तो प्रसंग मी अजूनही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

आकाशवेडा:
काका, अहवाल भरला. पाइपरवाले आजोबा आज पेट्रोलपंपाशी भेटले. आधीच्या विमानतळाची फ्रिक्वेन्सी बदलायचीच राहिली होती, तिथेच सगळं बोलत होते. मी खाली होतो हे त्यांना आज माझ्याकडूनच कळलं. बराच वेळ माझा हात धरून उभे होते. संध्याकाळी त्यांचाही अहवाल आम्ही मिळून लिहिणार आहोत.