दसऱ्याचं सोनं : आपट्याच्या जुड्या विकत आणणं थांबवावं का?

रानवाटा

घटस्थापना आठवड्यावर आली. पाऊस ओसरलाय, दुपारचं ऊन चटके द्यायला लागलंय आणि घरोघरी शरदाची लगबग सुरू झाली आहे. घटासाठी काळी माती कुणाच्या शेतातून आणायची, तोरणाला झेंडू किती लागेल, कोजागरीला कुणाच्या गच्चीवर जमायचं. या सगळ्या रीती मला मनापासून आवडतात आणि आमच्या घरी त्या होतात. एक सोडून. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या जुड्या विकत आणणं आम्ही बंद केलं आहे, आणि शहरातल्या सगळ्याच घरांनी ते बंद करावं असं माझं ठाम मत आहे.

आपटा काही झपाट्याने वाढणारं झाड नाही. कोरड्या पानझडी जंगलात, डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत ते सावकाश वाढतं. खोड वाकडंतिकडं, साल काळपट आणि भेगाळलेली. पावसाळा संपताना ते पानांनी भरलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला ओरबाडतो. बाजारात सुटी पानं येत नाहीत, फांद्याच येतात. एकेक पान खुडत बसण्यापेक्षा कोयत्याने फांदी उतरवणं सोपं पडतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या इमारतीखालचा कचऱ्याचा डबा उघडून पाहा. कितीतरी जुड्यांचा दोरासुद्धा सुटलेला नसतो.

त्यातही बरंचसं सोनं आपट्याचं नसतंच. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, हाताला जाडसर, खालची बाजू फिकट राखाडी. कांचनाचं पान मोठं आणि पातळ. दोन्ही जवळची भावंडं, दोन्हींची पानं टोकाकडून मधोमध दुभंगलेली, म्हणून कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून सर्रास खपतात. रीतही धड पाळली जात नाही आणि झाडं मात्र दोन जातींची छाटली जातात.

मग द्यायचं काय? आम्ही घटातलं धान्य देतो. परडीत माती पसरून पेरलेले गहू-ज्वारी नऊ दिवसांत वीतभर वाढतात. देवघरात ऊन पोचत नाही, त्यामुळे ते हिरवे न होता पिवळे राहतात. घट उठल्यावर हेच तुरे टोपीत, फेट्यात खोवायचे, बायकांनी केसांत माळायचे, ही गावाकडची जुनी रीत आहे. आम्ही तेच तुरे मोठ्यांच्या हातात ठेवून नमस्कार करतो. धान्य घरात उगवलेलं, मुलांनी रोज पाणी घालून वाढवलेलं. रंगही सोन्याचाच.

वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

अंगणवेल

पूर्ण असहमत.

दसऱ्याच्या संध्याकाळी दारात जे माणूस येतं, ते पान द्यायला येत नाही, ते भेटायला येतं. आमच्या वाड्यात दोन सख्ख्या भावांत वाटणीवरून अबोला होता. धाकट्याने दसऱ्याला येऊन थोरल्याच्या हातात पान ठेवलं, पाया पडला, आणि बोलणं सुरू झालं. हातात पान नसतं तर तो उंबरा ओलांडूच शकला नसता. काय सांगून येणार होता? पान असलं की कारण सांगावं लागत नाही. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" एवढं म्हटलं की पुरतं.

दुसरं म्हणजे, हे असं सोनं आहे की ते कुणालाही देता येतं. मालकाला कामवाल्या मावशी देऊ शकतात आणि मालक मावशींना. दोघांच्या हातातलं पान सारखंच. दिवाळीच्या भेटवस्तूंत अशी बरोबरी कुठे दिसते? तुम्ही झाडाचा हिशेब मांडलात, माणसांचा राहून गेला.

रानवाटा

अंगणवेल ताई, भावांची गोष्ट वाचून आनंद झाला. पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे भेट महत्त्वाची. मग हातात आपट्याच्या पानाऐवजी गव्हाचा तुरा असला तर धाकटा उंबऱ्याबाहेर थांबला असता का? आणि बरोबरीचं म्हणाल, तर मूठभर गहू कुणाच्याही घरात असतात. जुडी मात्र आता विकतच घ्यावी लागते.

कुलाचार

घटाच्या धान्याबद्दल बोलणं भाग आहे. रानवाटा, तुमच्या घरची रीत तुमच्यापुरती ठीक. पण घट सगळ्यांकडे बसत नाहीत. कुणाकडे नुसती माळ असते, कुणाकडे अखंड दिवा, आणि सुतक असलं की त्या वर्षी घट बसतच नाही. अशा घरांनी काय द्यायचं?

आमच्याकडे घट उठवल्यावर तुरे आधी कुलदेवीला वाहतात, मग घरच्यांनी प्रसाद म्हणून घ्यायचे आणि उरलेले शेतात किंवा तुळशीत सोडायचे. ते घराबाहेर वाटत नाहीत. घट हा कुळाचा असतो, सोनं हे गावाचं. सोनं लुटायचं ते सीमोल्लंघन करून, गावाच्या वेशीबाहेर जाऊन. मुद्दाम घराबाहेरचं आणून घरात द्यायचं, हाच त्यातला अर्थ आहे. एक रीत उचलून दुसरीच्या जागी बसवली की दोन्ही बिघडतात.

माळरान

कुलाचार यांच्याशी थोडं असहमत. आमच्या भागात दसऱ्याला घटाचे तुरे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही देतात, आपट्याबरोबरच. लहानपणी सगळ्या पोरांच्या कानांवर तुरे खोवलेले असायचे. घटामागे शेतीचंच कारण असावं असं आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात: रब्बीची पेरणी तोंडावर असते, घरातलं बी कसं उगवतं ते परडीत आधी दिसतं. ज्याच्या घटात ज्वारी दाट आली त्याच्याकडे लोक बियाणं मागायला यायचे. तेव्हा धान्य घराबाहेर जात होतंच.

डोंगरमाथा

धागा वाचून अस्वस्थ झालो. या सगळ्यात विकणाऱ्याचा विचारच कुणी केलेला नाही.

दसऱ्याच्या आदल्या रात्री स्टेशनाबाहेर गोणपाट अंथरून ज्या बाया आपटा, झेंडू, भाताच्या लोंब्या घेऊन बसतात, त्या बहुतेक आदिवासी पाड्यांवरून आलेल्या असतात. हातात रोकड पडते ती याच दोन दिवसांत. तोवर भात कापणी नीट सुरू झालेली नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क त्यांना दिलेला आहे. त्या काही चोरी करत नाहीत.

जंगलाचं वर्षभर काय होतं तेही बघा. उन्हाळ्यात लावलेले वणवे डोंगरच्या डोंगर जाळतात. कोवळी रोपं त्यात संपतात, आपट्याचीही. त्यावर धागे निघत नाहीत. रस्त्यासाठी, फार्महाऊससाठी झाडं जातात ती बुंध्यासकट. दोन दिवस फांद्या विकणारी बाई मात्र सगळ्यांना समोर दिसते.

रानवाटा

डोंगरमाथा, मुद्दा वजनदार आहे आणि टाळणार नाही. त्या बायांकडून झेंडू घ्या, लोंब्या घ्या, तोरणं घ्या. मी तेच करतो आणि घासाघीस करत नाही. झेंडू आणि भात शेतात लावलेले असतात, पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात. शिवाय दसऱ्याला शहरात टेम्पो भरून जो आपटा येतो तो सगळा पाड्यावरच्या बाईचा नसतो. शहरातली उद्यानं, टेकड्या, रस्त्याकडेची झाडंसुद्धा रात्रीत बोडकी होतात. तिथे १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे आणि झाड तोडायला परवानगी लागते. ती कोण घेतं?

वणव्याचं अगदी पटलं. आमच्या टेकडीवर जानेवारीत वणवा अडवणारे जाळपट्टे काढायला माणसं लागतात, जरूर या.

खालाटी

आमच्या कोकणात प्रश्न वेगळा आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे शरदाचं खरं स्वागत म्हणजे नवं. हळवं भात दसऱ्याच्या आसपास तयार होतं. शेतात जाऊन पहिल्या लोंब्या कापायच्या, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा, नाचणीचं कणीस, झेंडू असं सगळं एकत्र बांधायचं आणि दाराच्या चौकटीला, देवघरात, भाताच्या कणगीला लावायचं. कुणी दसऱ्याला बांधतं, कुणी आश्विन पौर्णिमेला. त्या पौर्णिमेला आम्ही नवान्न पौर्णिमाच म्हणतो. नव्या तांदळाची खीर आधी देवाला, मग घरात. जुनं नवं उतरवून त्यातले दाणे बियाण्यात मिसळायचे, असं माझी आजी करायची.

मुंबईत आल्यावर मीसुद्धा नवं बांधते. लोंब्या विकतच्या. शेत नाही म्हणून रीत सोडायची का? नाही सोडली. माझ्या मुलीने भाताचं रोप प्रत्यक्ष पाहिलं ते चौकटीला बांधलेलं. दाणा सोलून आत तांदूळ निघाला तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. विकत घेतलेल्या वस्तूनेही रीत जिवंत राहते, म्हणून "विकत आणू नका" हा सरसकट नियम मला पटत नाही. फांदी कापण्यावरच बोला, विकत घेण्यावर नको.

जुना_मास्तर

कौत्साच्या गोष्टीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. वरतंतूंच्या शिष्याला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजाने सर्वस्व दान केलेलं, म्हणून कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. हा पाऊस आपट्यावर पडला असं आपण मुलांना सांगतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'त, पाचव्या सर्गात, तो राजाच्या कोषागारात पडतो. झाडाचा तिथे उल्लेखही नाही. आपटा पुढे लोकांनी गोष्टीत आणला.

त्या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी बाजू अशी: कौत्साने लागेल तेवढंच घेतलं, आणि राजा म्हणत होता सगळंच घेऊन जा. गरजेपुरतं घेणारा याचक आणि हातचं राखून न ठेवणारा दाता. ही गोष्ट सांगून पोतंभर फांद्या घरी आणणं मला विसंगत वाटतं. एक पान पुरे.

अंगणवेल

मास्तर, लोकांनी झाड गोष्टीत आणलं यातच लोकांचं शहाणपण दिसतं. कोषागारातलं सोनं राजाचं राहतं. झाडावर पडलेलं कुणीही वेचावं. म्हणून तर लुटायचं म्हणतात. मी याच कारणासाठी पान सोडायला तयार नाही.

एका पानावर मात्र आपलं एकमत होऊ शकतं. जुडी मलाही नको.

पाटीपूजन

एक कळकळीची विनंती. आपटा नको म्हणून सोनेरी प्लास्टिकची किंवा चमकीच्या कागदाची पानं आणू नका. गेल्या काही वर्षांत ती फार दिसायला लागली आहेत. आपट्याचं पान कालांतराने माती होतं, हे तसंच राहतं.

मुलांना करण्यासारखं दसऱ्यात खूप आहे. आमच्याकडे पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. एकाला एक जोडत गेलं की आकृती तयार होते. पाच वर्षांच्या मुलालाही जमते. खंडेनवमीला घरातला पाना, कात्री, शिवणयंत्र पुसून हळदीकुंकू. हे करायला काही तोडावं लागत नाही, आणि घरातल्या प्रत्येक हाताला काम मिळतं. सोन्यावरून एवढी चर्चा होते आणि पाटी मात्र मुकाट्याने घरातून गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बीजांकुर

वनस्पतींशी रोजचा संबंध आहे, म्हणून दोन गोष्टी. फांदी छाटली म्हणून आपटा मरत नाही, खालून पुन्हा फुटतो. त्या अर्थी रानवाटांचं चित्र जरा जास्त काळं आहे. पण त्याच्या फुलांचे तुरे फांद्यांच्या टोकाकडे येतात. दर वर्षी शेंडेच उतरवले तर फुलं कमी, शेंगा कमी आणि पुढची रोपं कमी. म्हाताऱ्या झाडांखाली रोपं दिसत नाहीत त्याला वणवे आणि चराई कारण आहेतच, ही छाटणी त्यात भर घालते. तेव्हा डोंगरमाथा यांचं आणि रानवाटांचं म्हणणं एकमेकांच्या विरोधात नाही.

हाताने खुडलेल्या मूठभर पानांनी झाडाला काहीही होत नाही. ज्यांच्या आवारात आपटा आहे त्यांनी खुशाल पानं द्यावीत.

कुलाचार

मग आवारात लावा, हाच मार्ग आहे. रीतही राहील आणि पानही. सोसायटीत गुलमोहर लावतात, आपटा का नाही? रोपवाटिकेत विचारलं की कांचनच हातात देतात. बी कुठून, कधी गोळा करायचं?

बीजांकुर

शेंगा हिवाळ्यात पिकतात. चपट्या, किंचित वाकलेल्या, पिकल्यावर तपकिरी. कांचनाच्या शेंगा वाळल्यावर तडकून बी उडवतात, आपट्याच्या आपोआप फुटत नाहीत, झाडावर बराच काळ लटकून राहतात, त्यामुळे गोळा करणं सोपं आहे. किडलेल्या टाकून द्या. बियांचं कवच कठीण असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून उन्हाळ्याच्या शेवटी पिशवीत पेरा. पिशवीतलं रोप लगेच जमिनीत लावायची घाई नको, एक पावसाळा पिशवीतच काढू द्या. जागा उन्हाची हवी आणि पाणी साचणारी नको. पानं खुडण्याजोगं झाड व्हायला काही वर्षं जातील.

अंगणवेल

आमच्या वाड्याच्या मागे उन्हाची जागा आहे. रानवाटा, तुमच्या टेकडीवरच्या शेंगा जानेवारीत मिळतील का? जाळपट्ट्यांना माणसं घेऊन येते, परत जाताना शेंगा नेते.

रानवाटा

मिळतील. पायथ्याशी तीन-चार जुनी झाडं आहेत, दाखवतो. कुलाचार, तुम्हीही या. तोवर यंदा आमच्या दारी आलात तर हातात गव्हाचेच तुरे मिळतील. तुम्ही पान आणलंत तर तेही घेऊ, एकच असेल तर.