१.१० जुनं की १.९?
नांदेडच्या मित्राने विचारलंय की एका सॉफ्टवेअरचं १.१० व्हर्जन बसवलेलं असूनही त्याची स्क्रिप्ट 'किमान १.९ हवं' म्हणून अडवते. तुलना मजकूर म्हणून होतेय, दुसरं काही नाही. ठिपक्यानंतर '१' दिसला की तो '९' च्या आधीचा, विषय संपला. ठिपक्यांवर तोडून एकेक भाग आकडा म्हणून ताडा. त्याहून बरं, पायथनची पॅकेजिंग लायब्ररी वापरा, नाहीतर २.०.० च्या आरसीपाशी (रिलीज कँडिडेट, अंतिम व्हर्जनआधीचं चाचणीचं व्हर्जन) अडकाल, ते २.०.० च्या आधीचं धरायचं असतं.

खरी गोम शून्यात आहे. एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं साधन) ^ हे चिन्ह किती नवं व्हर्जन चालेल ते ठरवतं. तिथे ^१.२.३ ला २.०.० च्या खालपर्यंत मोकळीक, पण ^०.२.३ ला ०.३.० च्या खालीच थांबावं लागतं. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीचं बिलिंग मी बघतो. तुरीची आवक सुरू झाली की अपडेटला हात लावायचा नाही, हा मालकाचा नियम (आणि बरोबरच आहे म्हणा). म्हणून लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या व्हर्जनची नोंद) कोडसोबत गिटमध्ये आणि सर्व्हरवर त्या नोंदीप्रमाणेच बसवणारी 'एनपीएम सीआय' ही कमांडच. लॉक फाइल आणि हव्या त्या पॅकेजेसची यादी असलेली पॅकेज.जेसन जुळल्या नाहीत तर ते तिथेच थांबतं, परस्पर काही बदलत नाही.

~ चिन्ह मात्र जपून. एनपीएमचं ~१.४ हे १.५ च्या खाली थांबतं, पायथनचं ~=१.४ थेट २ च्या खालपर्यंत जातं.